बाबी पंखा बंद करायचा

बाबी गेला तेव्हा मी मालवणच्या बाजारात बांगडे विकत होते. वाडीतला रिक्षावाला पळत आला आणि म्हणाला, "आका, घराक चल. बाबी खोलयेत पडलो." पाटी तशीच टाकून गेले. माझा धाकटा भाऊ त्याच्या गाणी रेकॉर्ड करायच्या स्टुडिओत जमिनीवर पडला होता. अंगातला शर्ट पिळून पाणी निघेल इतका भिजलेला. गायला आलेली बाई दारात रडत होती, "शेवटचाच टेक होता हो..."

तेव्हापासून माणसं भेटायला येतात आणि एकच बोलतात, कलेची सेवा करता करता गेला, भाग्यवान. ऐकलं की माझं डोकं फिरतं. माणूस उकाड्याने आणि हट्टाने मेला, त्यात भाग्य कसलं? कुडाळच्या डॉक्टरांनी छाती तपासून बजावलं होतं, कोंदट जागेत बसायचं नाही. तो हो म्हणाला आणि घरी येऊन त्याच खोलीत बसला.

ती खोली आमच्या वडिलांची, जाळी ठेवायची. बाबीने समुद्राकडची खिडकी चिरे लावून बुजवली, भिंतींना गोधड्या ठोकल्या. आधी तो जत्रांना लाउडस्पीकर लावायचा. तिथे माइक तोंडाला लावून ओरडलं तरी चालतं. खोलीतला हा माइक तसा नव्हता, याला सगळं ऐकू यायचं. घड्याळ, बांगड्या, पोटातली गुरगुर... आणि पंखा. म्हणून गाणं सुरू झालं की पंखा बंद. भर वैशाखात! मी दारातून ओरडायचे, "मेल्या, घामान न्हालंस! पंखो लाव." तो म्हणायचा, "आका, माइकात येता." रात्री कर म्हटलं तर म्हणे रातकिडे ओरडतात. या माणसाला सगळ्यांचा आवाज नडायचा, स्वतःच्या छातीतला तेवढा ऐकू आला नाही.

फुगडीची गाणी माझ्याकडून त्यानेच म्हणवून घेतली. मी पहिल्यांदा उभी राहिले आणि बाजारात गिऱ्हाईक बोलावते तसा आवाज चढवला. बाबीने कानावरचे हेडफोन फेकून दिले. "गो बाये, समोर दर्या नाय! वीतभर लांब रव. निजलेल्या पोराच्या कानात सांगतत तसा म्हण." हातातल्या पाटल्यांना रुमाल गुंडाळला. मग माझा तळवा माझ्याच तोंडासमोर धरून म्हणाला, "आता फुगडी म्हण." फ बरोबर हातावर फुंकर बसली. तीच फुंकर माइकवर बसली की धप्प असा आवाज येतो. म्हणून त्याने भरतकामाच्या रिंगणावर जुना नायलॉनचा मोजा ताणून माइकच्या पुढे लावला होता, आणि तोंड जरा बाजूला ठेवायला सांगायचा. चढा सूर आला की अर्धं पाऊल मागे, खालचा आला की पुढे. एका कानावरचा हेडफोन सरकवायचा, म्हणजे आपला गळा आपल्याला खरा ऐकू येतो. हे तो प्रत्येकाला सांगायचा, न कंटाळता. घरात मात्र मिठाची बरणी कुठे विचारलं तरी खेकसायचा.

बाबी गेला त्या दिवशी सावंतवाडीहून ही बाई सकाळी यायची होती, ती आली भर दुपारी. गळा चांगला आहे तिचा, खोटं कशाला बोलू. पण स्टेजची सवय, माइक ओठाला चिकटल्याशिवाय सूर लागत नाही. बाबी मागे हो म्हणाला की मागे व्हायची, चढा सूर आला की परत पुढे. बाबी म्हणायचा, आजून एकदा. ती म्हणायची, चालेल हो एवढं. त्याला चालायचं नाही. एक फुंकर राहिली असती तर कोण मरणार होतं? फुंकर काढता काढता तोच मेला... तिने हे सगळं मला स्वतः सांगितलं. मी तिला पाणी दिलं. दोष नाही तुझा, असं मात्र म्हणाले नाही.

आता बाबीचा मुलगा, माझा भाचा, स्टुडिओ चालवणार म्हणतो. मी सांगितलं, चालव, पण आधी खिडकी फोड. म्हणाला, "आते, दर्याचो आवाज येतलो." म्हटलं, "येवंदे. बापाशीक गिळलेली खोली तुका देवची नाय." दुसऱ्या दिवशी गवंडी मीच बोलावला. भिंत फुटली तसा खोलीत वारा शिरला. गोधड्या मात्र धुवायला दिल्या नाहीत. बाबीच्या घामाचा वास आहे त्यांना. रडायला नाही, राग टिकावा म्हणून ठेवल्यात.

परवा ती बाई आली, राहिलेलं गाणं पुरं करायला. भाच्याने पंखा बंद करायला बटणाकडे हात नेला, त्यावर मी चापट हाणली. गाणं सुरू झालं आणि खिडकीबाहेर माडावर कावळे ओरडायला लागले. बाई थांबली. "काकी, गाण्यात कावळे येतील हो."

"येवंदेत," मी म्हटलं. "दहाव्याक ते तुझ्याआधी इलले."