राहिलेली शर्यत

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दौंडहून शिरूरला मामांकडे जायचो तो मामेभावासाठी कमी आणि त्याच्या टीव्ही गेमसाठी जास्त. कॅसेट फुंकून घालायची, दोन रिमोट, आणि गाड्यांची शर्यत. तो हरला की हसायचा, मी हरलो की रिमोट आपटायचो. माझा हा स्वभाव पुढेही गेला नाही.

मोठे झालो. मला रेल्वेत नोकरी लागली, तो रांजणगावच्या कंपनीत लागला. दोघांनीही गेमिंगचा डबा, म्हणजे कन्सोल, घेतला, पण मी एका कंपनीचा आणि त्याने दुसरीचा. झालं! लग्नकार्यात भेटलो तरी विषय एकच, कुणाचा डबा भारी. एका डब्यावरून दुसऱ्याशी ऑनलाइन खेळता यायचं नाही, त्यामुळे भांडणाचा निकालही लागायचा नाही. पुढे कंपन्यांनाच शहाणपण सुचलं आणि काही गेम दोन्हीकडून एकत्र खेळता येऊ लागले. त्याचा लगेच फोन आला. "आता जुळतंय आपलं. ये की!"

मी गेलो नाही. तोवर मला कुठल्या कुठल्या देशांतले गडी मिळाले होते. शिवाय आधी त्याने माझा डबा भारी म्हणावं, ही माझी अट होती. पहिली शिफ्ट करून तो घरी आला की साडेचारच्या सुमाराला माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याचं बोलावणं यायचं. मी अंगठ्याने ते बाजूला सारायचो. दीड वर्ष सारलं. मग एकदा कामावरून येताना त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि तो गेला.

दहाव्याला घोड नदीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली येईनात. गेलेल्याचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून माणसं एकेक करून त्याला शब्द देऊ लागली.

"तुझ्या आईला काय कमी पडू देणार न्हाई रं," मामा म्हणाले.

"बहिणीचं लगीन आम्ही करू," त्याचा चुलता म्हणाला.

कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. एका आप्पांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "आजून कुणाला काय ठावं हाय का? काय राह्यलंय त्याचं?"

मला ठाऊक होतं. पण एवढ्या टोप्यांसमोर, रडणाऱ्या माणसांसमोर 'मी तुझ्याशी गेम खेळेन' असं कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील, या लाजेने माझी जीभ उचलली नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे उठले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी तोवर सगळ्यांना ऐकवायचो. त्यानंतर कधी ऐकवलं नाही.

महिन्याभराने साडेचारला गेम उघडला, तर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. तो खेळायला बसला की लागायचा तोच. मी टीव्हीच बंद केला. दुसऱ्या दिवशीही ठिपका होता, तिसऱ्या दिवशीही. माझ्या रेल्वे क्वार्टरच्या पत्र्यावर कावळा उतरला तरी मी दचकू लागलो. आठवड्याने न राहवून मीच त्याला बोलावणं धाडलं. पहिल्यांदाच.

दोन मिनिटांनी फोन वाजला. मामी होत्या.

"टीव्हीवर तुझं नाव आलंय रं. काय दाबू?"

"मामी, तो डबा तुम्ही लावता?"

"त्याच्या यायच्या टायमाला लावते. तो लावायचा तसंच. त्याची गाडी दिसती, डब्यातला पंखा वाजतो. घरात कुणी हाय असं वाटतं."

मी बटण सांगितलं, त्यांनी दाबलं. त्याची लाल गाडी येऊन माझ्या गाडीशेजारी उभी राहिली. मग मला आवरलं नाही. बोलावणी, माझी अट, घाटावरचं गप्प बसणं, सगळं मी मामींना सांगून टाकलं.

फोनमधून डब्यातला पंखा ऐकू येत होता.

"रोज तुझं नाव घिऊन म्हणायचा, आज खेळाय येतोय बघ त्यो," मामी म्हणाल्या. "घाटावर बोलायला पायजे हुतंस."

स्क्रीनवर तीन, दोन, एक झालं.

"आता काय दाबू?" त्यांनी विचारलं.

मी रिमोट हळूच खाली ठेवला आणि दोन्ही गाड्या रेषेवर तशाच उभ्या राहिल्या.