पहिली वीस मिनिटं

नारळ फुटला, सगळ्यांच्या हातात पेढे पडले आणि मी चावी मारली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. नेहमीप्रमाणे मी रेस कमी केली आणि ते स्लोवर सोडून दिलं.

मागून रशीदचाचा ओरडले, "रेस वाढव संपत! न्हाईतर बंद कर!"

कुपवाडला माझं इंजिनांचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं ट्रॅक्टरची आणि ट्रकची डिझेल इंजिनं बांधली. आमच्याकडची पद्धत ठरलेली. नवं बांधलेलं इंजिन पहिल्या दिवशी दमवायचं नाही. पूजा करायची, तासभर स्लोवर चालू द्यायचं, तोवर चहा. माझे उस्ताद म्हणायचे, नव्या नवरीला आल्या आल्या धुणं-भांडी सांगत नाहीत.

हे इंजिन मात्र ट्रॅक्टरचं नव्हतं. इस्लामपूरच्या वैशाली मॅडम गुरांच्या डॉक्टर. त्यांच्या फौजी वडिलांनी हौसेनं घेतलेली, साठ वर्षांपूर्वीची विलायती टू-सीटर घरी होती. जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये ती त्यांना स्वतः पळवायची होती. वडिलांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांना यंदाच बघायचं होतं. रेस दहा दिवसांवर आलेली.

चार महिने मी त्या इंजिनावर खपलो. बोअर केला, क्रँक बॅलन्स केला, कॉम्प्रेशन वाढवलं. रेसिंगचा कॅमशाफ्ट परदेशातून आला, त्यालाच तीन महिने लागले. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. तो फिरतो तसे व्हॉल्व्ह उघडतात. तो गेला तर यंदाची रेसही गेली.

व्हॉल्व्हचं काम रशीदचाचांनी केलेलं. सत्तरीतला माणूस, सांगलीत त्यांच्यासारखा व्हॉल्व्हचा कारागीर नाही. पण गिऱ्हाइकासमोर कुणी ओरडलं की माझं डोकं फिरतं.

"चाचा, माझ्या दुकानात मला शिकवू नका. पेढा खावा."

चाचांनी पेढा टेबलावर ठेवला, पुढं आले आणि सरळ चावी फिरवून इंजिन बंद केलं. पूजेचं इंजिन! मी त्यांचं मनगट धरलं.

"सोड. टॅपेट काढून बघ आधी."

कॅमच्या उंचवट्यावर टेकून वर-खाली होतो तो टॅपेट. पहिला काढला, चकचकीत. दुसराही. तिसऱ्याच्या तोंडावर ओरखडे होते. बॅटरी मारून आत पाहिलं, तर त्याखालचा कॅमही धुरकट पडायला लागला होता.

"व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मीच बसवल्यात," चाचा म्हणाले. "एकात एक, डबल हायत, लय कडक. क्रँक जोरात फिरला तरच ऑइल कॅमवर उडतंय. स्लोवर त्यो कोरडा पडतोय गड्या. पैली वीस मिनिटं आरपीएम दोन हजारच्या वर ठेवायचा. कॅमसंगं कागद आला आसंल की."

कागद आला होता. न वाचताच खोक्यासकट गणपतीपुढं ठेवून मी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "मॅडम, चूक माझी हाय," मी म्हणालो.

त्यांनी टॅपेट हातात घेऊन पाहिला. "काका, माझी म्हैस कुठं दुखतंय ते सांगत नाही. तुम्हाला तर चाचा ओरडून सांगत होते." मग विचारलं, "वाचेल?"

"वाचंल," चाचा म्हणाले. "आज दोन मिनिटांत थांबलंय म्हनून."

टॅपेटचं तोंड त्यांनी स्वतः ग्राइंड केलं. कॅम बारीक पॉलिश पेपरनं साफ केला. आतल्या स्प्रिंगा काढून ठेवल्या, म्हणजे कॅमवर जोर कमी. तिसऱ्या दिवशी पुन्हा चावी मारली आणि लगेच रेस वाढवली. वीस मिनिटं चाचा कान लावून बसले होते, मी घड्याळाकडं बघत होतो. नंतर सगळे टॅपेट पुन्हा काढून पाहिले. एकावरही ओरखडा नाही. मग आतल्या स्प्रिंगा परत बसवल्या.

रेसमध्ये मॅडम चौथ्या आल्या. वडील खुर्ची टाकून ट्रॅकच्या कडेला बसलेले, एकही लॅप सोडला नाही म्हणे. रेसनंतर मी इंजिन खोललं, तर कॅम आरशासारखा.

पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी चाचांकडं गेलो आणि त्यांचे पाय धरले. "चाचा, त्या दिवशी तुमी चावी फिरवली म्हनून, न्हाईतर मी गेलो हुतो."

"आरं, ऊठ," ते म्हणाले. "मनगट लय जोरात धरतोस तू."

तीस वर्षांच्या अनुभवानं हात तयार होतो हे खरं, पण कानही बंद होतात. तेव्हा आपल्या दुकानात येऊन आपल्यालाच ओरडणारं एक माणूस लागतं. मला ते आयतं मिळालं, यात माझं कर्तृत्व काही नाही.