बेचाळीस दाणे

आक्काच्या पदराच्या दोन्ही टोकांना कायम गाठी असत. एक ग्लास पाणी प्याली की तुरीचा एक दाणा डाव्या गाठीत. लघवीचं भांडं एका खुणेपर्यंत भरलं की एक दाणा उजव्या गाठीत. डॉक्टर राउंडला आले की ती अंथरुणावरच गाठी सोडून मोजायची आणि सांगायची, “सात आत, पाच बाहेर. दोघं कुठं बसून राह्यले ते तुमीच पाहा.” पहिल्या दिवशी डॉक्टर हसले. मग सिस्टरच्या कागदाशी तिचे दाणे रोज जुळू लागले, तेव्हा हसायचे थांबले.

वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात ती अकरा नंबर, मी बारा. ती देवळीकडच्या एका खेड्यातली, घरची शेती सांभाळणारी. मी वर्ध्याच्या एका शाळेत हेडक्लार्क. आजार मात्र दोघींचा एकच. पित्ताशयातला खडा सरकून नळीत अडकला आणि स्वादुपिंड सुजलं. पाठीपर्यंत आरपार जाणारी ती कळ ज्यांना आली आहे त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळत नाही. मी सतरा दिवस आयसीयूत होते. वॉर्डात आणलं तेव्हा नाकात अन्नाची नळी होती, कुशीत पू काढायची नळी होती, आणि शाळेतली पंचवीस वर्षं ज्या हातानं नोंदी केल्या त्या हाताला पेन पेलत नव्हतं. आत-बाहेरचा तक्ता मी स्वतः भरणार असं सिस्टरना ठासून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर तक्त्यात दुपारपासून काहीच नाही. मी रडकुंडीला आले. आक्कानं कमरेचा बटवा काढला, त्यातून रुमालाची एक तिसरी गाठ काढली आणि माझ्या उशीवर ठेवली.

“हे तुये. झोपली होती तू. सिस्टरनं नळीतून दिलं तवा तवा म्या टाकले.”

मला बसता यायला लागलं तशी माझी वही परत सुरू झाली. औषधं, वेळा, साखर, ताप, कोणाला काय विचारायचं. आक्काला त्याची फार मजा वाटायची. “काऊन वं कागदवाले, लिहून लिहून पोट भरते का तुयं?” मी चिडून म्हणायची, “तुमचे दाणे सांडले तर?” ती म्हणायची, “त् कोंबडी खाईन. तुया कागद सांडला त् कोनी खाईन का?”

नऊ नंबरलाही आमचाच आजार होता. एका दुपारी तिच्या खाटेभोवती पडदा ओढला गेला आणि बाहेरून तिच्या बहिणीचा रडण्याचा आवाज आला. मी तिकडेच बघत राहिले. आक्कानं माझी हनुवटी धरून तोंड फिरवलं. “तिकडं पाहू नोको. पानी पे.” मी दोन घोट प्याले. तिनं रुमालाच्या गाठीत दाणा टाकला. तो गाठीत न जाता खाली पडला, आणि तिनं तो सलाइनच्या स्टँडखालून शोधून पुन्हा टाकला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्हा दोघींना सुट्टी झाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: पोटातली सूज उतरायला सहा आठवडे, तोवर तूप, दही, तळलेलं बंद, मग लगेच या, पित्ताशय काढू. ते आत आहे तोवर खडा कधीही सरकेल, आणि दुसऱ्या झटक्यातून उठाल याची खात्री नाही. मी वहीत तारीख लिहिली. आक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्या बटव्यातले बेचाळीस दाणे मोजून एका पिशवीत बांधले. “रोज सकाळी एक काढायचा. पिशवी रिकामी झाली की गाडीत बसायचं.”

“न् घरी उद्या पुरनपोळ्या करून राह्यले त्याचं?”

“वास घ्या.”

“वासाचाई दाना टाकू का?” असं म्हणत ती जीपमध्ये चढली. अंगात काही उरलं नव्हतं, लुगडं नुसतं काठीला गुंडाळल्यासारखं दिसत होतं.

चाळिसाव्या दिवशी मी फोन केला. परवा माझं ऑपरेशन होतं, तिचंही त्याच वेळी व्हावं अशी माझी आखणी होती.

“किती उरले, आक्का?”

“बारा.”

“दोन उरायला हवेत.”

“म्या अजून दहा टाकले.” ती हसली. “कापूस फुटला ना बाई. सीतादही कराची हाये.”

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात पूजा होते, दहीभात शिंपडतात. कापूस दह्यासारखा पांढरा निघावा म्हणून. ते झाल्याशिवाय बोंडाला कोणी हात लावत नाही. आक्काच्या वावरात ती लग्न होऊन आल्यावर दोन वर्षांनी सासू वारली, तेव्हापासून पहिलं बोंड तिच्याच हातचं.

“सून आहे ना?” मी म्हटलं.

“सुनेचा हात मी मेल्यावर.” मग आवाज जरा उतरला. “दुखत त् काईच नाई आता. भाकर खाऊन राह्यली, वावरात जाऊन राह्यली. तू शिकेल हायेस, तू सांग. दहा दिवस चालन ना?”

डॉक्टर काय म्हणाले होते ते माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, समोर होतं. मला माझी बॅग भरायची होती. मी म्हटलं, “चालेल. पण त्याच्यापुढे नाही.” वहीतली तिची तारीख खोडली, नवी लिहिली. पान नीट झालं, बरं वाटलं.

माझं ऑपरेशन सुरळीत झालं. पाचव्या दिवशी घरी आले. नव्या तारखेला तिला फोन लावला, उचलला नाही. मी शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

दोन आठवड्यांनी तिची सून दारात उभी होती. डोक्यावर पदर, हातात ती पिशवी. पाणी दिलं तर घेतलं नाही. सरळ सांगायला लागली. सीतादही आक्कानंच केली. दही जिभेला मात्र लावलं नाही, “कागदवाली रागवन,” म्हणाली. पहिलं बोंड वेचलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कळ आली. त्याच दवाखान्यात आणलं, चार दिवस आयसीयूत होती. मी मनात दिवस मोजले. सुट्टीचा कागद घेऊन मी खाली गाडीत बसले तेव्हा ती वरच्या मजल्यावर होती.

“शुद्ध होती तवर सकाळी मले म्हनत, दाना काढ. मंग म्या आपल्या मनानंच काढत राह्यली.” सुनेनं पिशवी टेबलावर ठेवली. “म्हनल्या, कागदवालीले नेऊन देजो. ते बरोबर मोजते.”

मी मोजले. चार.

तिला मी सांगितलं नाही की आक्कानं मला विचारलं होतं. ती जायला निघाली तेव्हा बाहेर पायरीवर थांबली. “ताई, पुढच्या साली सीतादही मलेच करा लागन. दह्यात भात किती घ्याचा, तोंड कोन्या दिशेले, मले कोनी सांगतलंच नाई. तुमी त्यायच्यासंग इतके दिवस होत्या. तुमच्याजवळ लिहून असन ना?”

माझ्या वहीत आक्काचं सगळं होतं. किती पाणी, किती ताप, किती गोळ्या. ते नव्हतं.