थर्मोकोलच्या विमानाचे डाग

लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याला आले, तेव्हा माझ्यासारखी कलावंत बाई खान्देशात दुसरी नाही असं माझं ठाम मत होतं. पुरावा काय, तर मेहरूणच्या आमच्या गल्लीत रांगोळीत दरवर्षी पहिला नंबर माझा. गल्लीत रांगोळी काढणाऱ्या मुली किती होत्या, ते मात्र विचारू नका. तर ही रांगोळीची महाराणी देवपुरातल्या सासरी आली, माडीवरच्या खोलीचं दार उघडलं, आणि बघते तर कॉटवर एक पंख झोपलेला.

पांढराशुभ्र, जवळजवळ माझ्या उंचीचा. नव्या टीव्हीच्या खोक्यात थर्मोकोल येतो ना, त्याचाच. आमचे हे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं काम करायचे, त्यामुळे घरात थर्मोकोल उदंड. ठोकळे जोडून, तापलेल्या तारेने कापून त्यांनी तो पंख केला होता. मी दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि तो थेट माझ्या डोक्यावर गेला. एवढ्या मोठ्या वस्तूला जेवढा जोर लावायचा तेवढा मी लावला, आणि तिला वजनच नव्हतं. हातात काहीतरी आहे असं डोळे सांगत होते, हात मात्र नाही म्हणत होते. तो क्षण मला अजून आठवतो.

"ठेव, ठेव खाली! मोडेल!" हे मागून ओरडले.

"काय आहे हे?"

"विमान."

"उडतं?"

"उडेल."

खाली उभं राहायचं, हातात दांड्यांची पेटी धरायची आणि वरचं विमान तिच्यावर चालवायचं, असं ते प्रकरण होतं. आधीची दोन विमानं उडून, पडून, चुरा होऊन गेली होती. हे तिसरं. लढाऊ विमान, पण जुन्या जमान्यातलं, नाकावर एकच पंखा असलेलं. त्याचं इंग्रजी नाव यांनी मला पुष्कळदा शिकवलं. मला ते आजही म्हणता येत नाही.

तेच विमान का, ते मला हळूहळू कळलं. माझे सासरे, म्हणजे नाना, तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक होते. या जातीच्या विमानांवर त्यांचे हात काळे झाले होते. मुलाला वैमानिक व्हायचं होतं. तो परीक्षेला गेला, आणि डोळ्यांवरून त्याला परत पाठवलं. जाड भिंगाचा चष्मा तेव्हापासून नाकावर. त्यानंतर या घरात बाप-लेकात विमानाचा विषय निघाला नाही. विमानाचाच काय, कसलाच नाही. दोघं एका पंगतीला बसायचे आणि बोलणं सासूबाईंमार्फत व्हायचं.

"त्याले सांग, दळण आनी दे," नाना म्हणत. तो शेजारीच बसलेला असायचा.

आणि माडीवरच्या विमानाबद्दल नानांचं मत एका वाक्याचं होतं. "खेयनं शे ते." खेळणं आहे. बस. एकदाही जिना चढून वर आले नाहीत.

हे मला एवढंच म्हणाले होते, "एकदा नीट बघावं त्यांनी. बाकी काही नको."

मी म्हटलं, हात्तिच्या! त्यात काय, आपण ते सजवू. हो, सजवू हाच शब्द वापरला मी. लढाऊ विमान सजवायला निघाली होती बया.

थर्मोकोलवर खाकी कागद खळीने चिकटवला. तो वाळून ताठ झाला, आणि त्यावर राखाडी-हिरवा रंग चढला. वैमानिकाच्या डोक्यावर मागे सरकणारी काच हवी, म्हणून शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण शेगडीवर नरम करून वाकवलं. बंदुकांच्या नळ्यांच्या तोंडाशी धूळ जाऊ नये म्हणून खऱ्या विमानाला तांबड्या पट्ट्या चिकटवत, असं यांच्या पुस्तकात होतं. तिथे माझ्या कपाळाच्या टिकल्या गेल्या. एवढं सगळं करून विमान दिसत कसं होतं? रंगवलेल्या कागदासारखं. पत्रा वाटेना.

"रिव्हेट हवेत," हे म्हणाले. "पत्रे जोडतात ते खिळे. हजारो असतात."

मी ते कधी पाहिले नव्हते. म्हणजे पाहिले होते, पण बघितले नव्हते. दिवाळीला माहेरी गेले आणि परतताना जळगाव स्टँडवर धुळ्याची गाडी लागली. लाल-पिवळ्या गाडीच्या अंगावर नजर गेली, तर काय सांगू! सगळी गाडी टिंबांनी भरलेली. सांध्यावर दुहेरी ओळ, खिडकीखाली एकेरी, कोपऱ्यात दाट. प्रत्येक टिंबाखाली धुळीचा बारीक ओघळ. लहानपणापासून मी या गाड्यांत बसत होते, आणि ही ठिपक्यांची रांगोळी मला कधी दिसलीच नव्हती. मी बोट लावून लावून बघत पुढून मागे चालले.

कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "अक्का, गाडीत बसनं शे का गाडीले कुंकू लावनं शे?"

मागे रांग हसली. मी आपली पदर सावरून बसले, पण सगळी वाट मान वळवून पत्राच बघत होते.

घरी आल्यावर मेंदीच्या कोनात घट्ट गोंद भरला आणि पंखापासून शेपटीपर्यंत टिंबं टाकायला बसले. दुहेरी, एकेरी, दाट. माझा हात तिथे खरोखर चालला, ते मी आजही मान्य करते. वाळल्यावर वरून रंगाचा हलका हात फिरवला, आणि कागद गेला, पत्रा आला. मी मागे सरकले. थर्मोकोलच्या त्या हलक्या तुकड्याला एकाएकी लोखंडाचं वजन आलं होतं. बोटाने उचलून खात्री करून घेतली. तसाच हलका! डोळ्यांना एवढं फसवता येतं, आणि फसवणारी मी, फसणारीही मीच.

"गोंद कमी," हे म्हणाले. "शेपटी जड झाली तर नाक वर करून पडेल." कलावंताचा अपमान झाला, पण निम्मी टिंबं खरवडून काढली.

मग एका दुपारी मी विमान उचललं आणि जिना उतरून थेट नानांच्या खाटेपुढे ठेवलं. हे दुकानात होते. नानांनी वर्तमानपत्र खाली केलं. बराच वेळ बघितलं. मी शाबासकीच्या तयारीत उभी.

"हाई लगीनमा ठेवानं शे," ते म्हणाले. "कधी उडनंच नही हाई."

लग्नात मांडून ठेवायचं, कधी न उडालेलं! मला राग आला, पण जिना चढताना लक्षात आलं, की आज ते खेळणं म्हणाले नाहीत. न उडालेलं विमान म्हणाले. म्हणजे विमान तर म्हणाले!

न उडालेलं दिसतं म्हणजे काय? स्वच्छ दिसतं. मग घाण करू! मी तव्याची काजळी खरवडली, काजळाची डबी घेतली, कापसाचे बोळे केले. सासूबाई वर डोकावल्या.

"काय व माय, बठ्ठं घर कायं करी टाकं!" सगळं घर काळं केलं म्हणे मी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विमान नानांपुढे, काजळीची वाटी आणि बोळा माझ्या हातात. यावेळी त्यांनी बघितलं आणि ते हसले. लग्न होऊन आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. आधी खांदे हलले, मग खाट हलली.

"डाग बी जोडीजोडीना?"

मी वाकून पाहिलं. अहो, मी डागांचीही रांगोळी काढली होती! डाव्या पंखावर जेवढा काळा, उजव्यावर तेवढाच. इकडे एक ओघळ, तिकडे त्याच्या समोर तसाच ओघळ. मध्यावर आरसा धरला असता तर फरक कळला नसता. गल्लीतला पहिला नंबर!

नाना उठून बसले. माझ्याशी बोलताना ते शहरी मराठी बोलत, मध्येच दलातलं हिंदी. "हे बघ पोरी. वैमानिक चढतो कुठून? डावीकडून. रोज चढतो, रोज उतरतो. मग बुटाने रंग कुठला उडणार?"

"डावीकडचा."

"शाबास. आता पंखा. तो गोल फिरतो, तर वारा सरळ मागे जाईल का? नाही. वाराही पिळत पिळत जातो. म्हणून धूर डावीकडे वर चढतो आणि उजवीकडे खाली घसरतो. आणि तेल थांबत नाही कुठे, ते पोटाखालून मागे पळतं. समझी?"

त्यांनी बोळा माझ्या हातातून घेतला. काजळीत बुडवला आणि विमानाच्या नाकापाशी टेकवून एकदाच मागे ओढला. उजवीकडची रेघ खाली झुकली आणि पंखाखाली वळली. एवढंच केलं. पण मला खोलीत वारा दिसला. खरं सांगते, बंद खिडक्यांच्या खोलीत वारा कुठून येतो, कुठे वळतो, कुठे आपटतो, सगळं त्या एका काळ्या रेघेत होतं. डाग दिसला की घासायचा, एवढंच मला आईने आणि सासूबाईंनी शिकवलं होतं. डागात एवढं लिहिलेलं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मला चाहूल लागली. दारात हे उभे होते. जेवायला आले होते, आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते, चप्पल एका पायात. नानांचं बोट काळं, समोर विमान. नानांनी पाहिलं. बोळा खाली ठेवला, बोट धोतराला पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याले सांग, मांगलं चाक ढिलं शे."

आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

यांनी संध्याकाळी मागचं चाक आवळलं. मी सांगितलंही नव्हतं, ऐकलं होतंच त्यांनी.

इंजिन आधी गच्चीवर चालवून पाहिलं. त्याच्या इंधनात एरंडेल घालतात. ते जळलं आणि वास जिन्याने खाली स्वयंपाकघरात गेला. सासूबाई खालून ओरडल्या, "कोनं पोट बिघडनं व?" त्यांच्या दृष्टीने एरंडेलाचा उपयोग एकच होता.

उडवायच्या दिवशी, पहाटेचा वारा पडलेला असताना निघायचं ठरलं. नरडाण्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, एक सपाट माळ यांनी हेरून ठेवला होता. मित्राचा टेम्पो दारात आला. मी पंख छातीशी धरून बाहेर आले, तर ओट्यावर नाना बसलेले. पायात बूट, बुटांना पॉलिश.

"कोठे चालनात?" सासूबाईंनी विचारलं.

"फिराले," नाना म्हणाले आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

वाटेत मी मागे पंख मांडीवर घेऊन बसले होते, आणि खड्डा आला की पंखाआधी मी आपटून घेत होते.

माळावर विमान जोडलं. पंखा बोटाने फिरवला. इंजिन आधी खोकलं, मग किंचाळलं. नाना लांब, बाभळीपाशी उभे. विमान मातीवरून धावलं, उड्या मारत, वेडंवाकडं, आणि मला वाटलं गेलं, माझी सगळी टिंबं गेली मातीत! तेवढ्यात उड्या थांबल्या. चाकांखाली उजेड दिसला.

आता मी काय सांगू? माझ्या मांडीवर बसून आलेली वस्तू बाभळीच्या वर गेली आणि वळली. वळताना पंख कलला, सूर्य नुकताच वर आला होता, आणि सगळा पंख एकदम पेटल्यासारखा झाला. टिंबं दिसेनात. टिकल्या दिसेनात. इतक्या दुपारी खर्चून मी जे जे केलं होतं, त्यातलं काही म्हणजे काही खालून दिसत नव्हतं. तरीही ते थर्मोकोल वाटत नव्हतं. जड, खरं, दूरवरून आलेलं काहीतरी डोक्यावरून जात होतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. तोंडात चिलट गेलं तेव्हा ते मिटलं.

यांचे दोन्ही हात पेटीच्या दांड्यांवर, चष्मा घामाने नाकावर घसरलेला. तो वर सारायलाही हात मोकळा नव्हता. विमान लांबून खाली आलं, एकदा आपटलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि धुळीत थांबलं. शाबूत.

मी धावत गेले. गुडघे टेकून पाहिलं, आणि हात लावायचं धाडस झालं नाही. उजव्या अंगावर एरंडेलाचा ओला ओघळ आला होता. नाकापासून निघून, खाली झुकून, पंखाखाली वळलेला. नानांनी बोळ्याने काढलेल्या काळ्या रेघेवरून तो असा गेला होता, जसा कोणी गिरवून काढावा. पुढे पोटाखाली मी माझ्या मनाने काढलेली एक सरळ रेघ होती. तिच्याकडे तेलाने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बाभळीकडून नाना चालत आले. वाटेत त्यांची पाठ ताठ होत गेली. त्यांनी विमानाला एक पूर्ण फेरी मारली, वाकून तेल पाहिलं, शेपटी हलवून पाहिली. मग ते माझ्याकडे वळले नाहीत. "त्याले सांग" म्हणाले नाहीत. पेटी गळ्यात घेऊन उभ्या असलेल्या मुलापुढे जाऊन, टाचा जुळवून उभे राहिले.

"साहेब, काही बिघाड?"

हा प्रश्न कोण कोणाला विचारतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विमान उतरलं की मेकॅनिक पुढे होतो आणि वैमानिकाला हेच विचारतो. यांना ठाऊक होतं. यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"डावीकडे..." चष्मा पुन्हा नाकावर गेला. "डावीकडे ओढतंय जरा."

"बघतो, साहेब," नाना म्हणाले, आणि पॉलिश केलेल्या बुटांनिशी मातीत मांडी घालून विमानापाशी बसले.