जिन्याखालचा मीटर

त्याच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर अडकवलेला असायचा, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणत. लग्नातही त्याने तो काढला नव्हता, अशी थट्टा मित्र अजून करत. बायको म्हणे, काहीतरीच. पण तिलाही पुरती खात्री नव्हती. वायरमन म्हणून त्याचा हात चांगला होता. परवाना होता, लोकांचा विश्वास होता. पंखे, बोर्ड, पाण्याच्या मोटारी, घरातली सगळी फिटिंग तो करायचा. वीज कंपनीच्या मीटरला मात्र त्याने कधी बोट लावलं नव्हतं. मीटर कंपनीचा, त्यावरचं शिशाचं सील कंपनीचं आणि खांबावरून तिथवर येणारी केबलही कंपनीचीच. मीटरच्या पुढे मी, मागे ते, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि विषय संपवायचा.

त्याचा हा नेम मोडला तो धाकट्या बहिणीपायी.

बहिणीची भाड्याच्या घरात लाँड्री होती. खाली दुकान, वर राहायचं घर, आणि दोन्हींना जोडणारा एकच लाकडी जिना. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. वर खोलीत सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या. एके दिवशी जिन्याखालच्या कपाटातला मीटर जळला आणि दुकान ठप्प झालं. बहिणीने कंपनीत तक्रार नोंदवली. तिकडून उत्तर आलं की मीटर शिल्लक नाहीत, आले की तुमचा नंबर लागेल. ती पुन्हा गेली, पुन्हा तेच. दुकानात नर्सिंग होमच्या चादरींचे ढीग पडून होते आणि ते लोक दुसरी लाँड्री बघायची भाषा करू लागले होते.

ती भावाकडे आली. रडली वगैरे नाही. नुसती पाण्याच्या पेल्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "दादा, सगळ्या गावाचं करतोस. माझंच तेवढं होणार नाही का?"

त्याने खूप कारणं सांगितली. मग दुसऱ्या दिवशी भंगार बाजारात जाऊन एक जुना मीटर घेऊन आला.

काम तसं झटक्यात झालं. मीटरच्या मागचा फ्यूज काढला, सील पक्कडीने तोडलं, जळका मीटर उतरवून हा चढवला. फक्त एक स्क्रू त्रास देत होता. त्याचे आटे झिजले होते. पिळावं तितका नुसता गरगर फिरत होता. त्याने तांब्याची एक तार दुमडून भोकात सारली आणि पुन्हा पिळला. या वेळी स्क्रू धरला. वायर ओढून पाहिली, सुटली नाही. तरी त्याच्या हाताला ते पटलं नव्हतं. हात असं सांगतो तेव्हा ऐकायचं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण दुकानातून बहिणीने विचारलं, झालं का रे, आणि त्याने कपाटाचं दार लावून घेतलं. इस्त्र्या तापल्या. बहिणीने त्याला चहा पाजला. सासूबाईंनी वरून हाक मारून आशीर्वाद दिले.

त्या दिवसापासून त्याचं स्वास्थ्य गेलं.

आधी भीती होती ती पकडलं जाण्याची. दाराशी गाडी थांबली की तो खिडकीआडून बघायचा. फोनवर अनोळखी नंबर दिसला की तो वाजू द्यायचा, आणि मग वाजायचा थांबला म्हणून आणखी घाबरायचा. जेवता जेवता मध्येच उठायचा. बायकोने दोनदा विचारलं. त्याने पित्तावर ढकललं. तिने पित्ताचं औषध आणून दिलं, तेही तो निमूट प्यायला.

मग बाजारपेठेत कंपनीचं पथक आलं. तिथला एक वायरमन, याच्या चांगल्या ओळखीचा, दुकानांचे मीटर परस्पर बदलून द्यायचा. त्याला पोलिसांच्या गाडीत बसवताना सगळी पेठ बघत होती. टेस्टरही बघत होता, माणसांच्या मागे उभा राहून. त्या वायरमनची नजर गर्दीवरून फिरली तेव्हा याने खाली मान घातली.

पथकाने काढलेले मीटर फुटपाथवर मांडून ठेवले होते. त्यातल्या एकाचा खालचा भाग, जिथे वायरी बसतात तो, काळा पडून मेणासारखा वितळला होता. कोणीतरी पथकातल्या माणसाला विचारलं, हे कशाने झालं? तो पंचनाम्याच्या गडबडीत होता. वर न बघता म्हणाला, "स्क्रू ढिला राहिला की असं होतं. नशीब त्यांचं, दुकान वाचलं."

टेस्टर त्या वितळलेल्या मीटरकडे बघत राहिला. पोलीस, पथक, परवाना, सगळं एका क्षणात मागे पडलं. डोळ्यांपुढे आला तो जिना. एकुलता एक, लाकडी. त्याच्याखाली तो मीटर, आणि वर हलता न येणारी म्हातारी.

तो तडक बहिणीकडे गेला. स्क्रू नीट करायचा, नाहीतर सरळ मीटरच काढून टाकायचा, असं ठरवूनच गेला. पण कपाटाला भलंमोठं कुलूप होतं. पेठेतल्या धाडीची बातमी घरमालकापर्यंत पोचली होती. आपल्या कपाटात कोणी काही उद्योग करू नये म्हणून त्याने कुलूप ठोकलं आणि किल्ली घेऊन तो मुलीकडे परगावी गेला.

कुलपाकडे बघताना टेस्टरला हायसं वाटलं. खरंच वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला त्याच क्षणी लाजही वाटली. हातोडीचे दोन घाव घातले असते तर कुलूप तुटलं असतं. पण मग घरमालक विचारणार, कोणी तोडलं? का तोडलं? तेवढ्यात रस्त्यावरून पोलिसांच्या गाडीसारखी कसली तरी निळी गाडी गेली आणि त्याचे पाय आपोआप दाराकडे वळले. जाता जाता बहिणीला म्हणाला, एका वेळी एकच इस्त्री लाव. का म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, व्होल्टेज बरोबर नाहीये.

"तू हल्ली म्हाताऱ्यासारखा बोलायला लागलास," ती हसून म्हणाली आणि तिने दुसरी इस्त्री लावली.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. घरमालक कधी येणार याची तो रोज चौकशी करायचा. कामावर असताना काहीतरी निमित्त काढून बहिणीच्या दुकानावरून चक्कर मारायचा. दुकान जागेवर आहे, इस्त्र्यांची वाफ निघते आहे, एवढं बघून परत फिरायचा. परत फिरल्यावर कोपऱ्यापर्यंतच धीर टिकायचा.

आणि एका दुपारी बहिणीचा फोन आला. ती अगदी मजेत होती. म्हणाली, "दादा, घरी मासळी आणलेली नाही आणि जिन्यात कसला रे मासळीसारखा वास येतोय? मांजराने काही आणून टाकलंय की काय, शोधतेय कधीची."

त्याच्या हातातला बोर्ड खाली पडला. तापलेलं प्लास्टिक जळायच्या आधी कुजक्या मासळीसारखं घाण मारतं. हा वास कुठल्याही वायरमनला झोपेत ओळखता येतो.

"इस्त्र्या बंद कर," तो म्हणाला. "सगळं बंद कर. आणि बाहेर ये."

"अरे, पण सासूबाई..."

पुढचं त्याने ऐकलं नाही. तो पळत सुटला.

पोचला तेव्हा कपाटाच्या फटींतून करडा धूर निघत होता. इस्त्र्या बंद झाल्या होत्या, तरी आतून भुंगा अडकल्यासारखा गुर्रगुर्र आवाज येत होता. म्हणजे आता जाळ लागला होता तो मीटरच्या मागच्या बाजूला. तिथला फ्यूज त्याच कुलूपबंद कपाटात होता, त्यामुळे तिथली वीज बंद करणं घरातल्या कोणाच्या हातात नव्हतं. बहीण जिन्याच्या पायथ्याशी तोंडाला पदर लावून उभी होती. तिला बाजूला सारून तो वर चढला. पायाखालच्या फळ्या चपलेतून गरम लागल्या तेव्हा तो दोन-दोन पायऱ्या चढू लागला.

सासूबाई पलंगावर उठून बसायची धडपड करत होत्या. त्याने त्यांना पांघरुणासकट उचललं. त्या म्हणत होत्या, अरे मला राहू दे, तू जा. उतरताना कपाटाच्या दाराने पेट घेतला. शेवटच्या पायऱ्या त्याला दिसल्याच नाहीत. तो अंदाजाने उतरला आणि दोघंही रस्त्यावर येऊन कोसळली. मोडलेल्या हाडाच्या कळेने म्हातारी किंचाळली. ती किंचाळी त्याला बरी वाटली, कारण ती जिवंत होती.

शेजाऱ्यांपैकी कोणी अग्निशमन दलाला फोन लावला. टेस्टरने कंपनीला लावला. फोनवरच्या बाईने पत्ता विचारला, जरा थांबली आणि म्हणाली, "इथला मीटर तर जळलाय. तुमची तक्रार अजून आमच्याकडे पडून आहे. तिथे वीज आलीच कुठून?"

बहीण शेजारीच उभी होती. सगळी गल्ली उभी होती.

"मीटर मी बदलला," तो म्हणाला. "तुम्हाला न विचारता. तोच आता पेटलाय. खांबावरून लाइन तोडा, लवकर."

लाइनमन आला, खांबावर चढला, त्याने केबल सोडवली. तोवर अर्धा जिना गेला होता आणि चादरींचे गठ्ठे धुराने काळे झाले होते. अग्निशमनवाल्यांनी बाकीचं वाचवलं. सगळे पांगल्यावर बहीण त्याच्याजवळ येऊन बसली.

"एकच इस्त्री लाव म्हणालास," ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं?"

"संशय होता."

"आणि तू घरी गेलास."



पुढे रीतसर सगळं झालं. परवाना रद्द झाला, खटला उभा राहिला. जबाब देताना बहिणीने, मीच गळ घातली होती, असं सांगितलं, तेव्हा दंड तिलाही बसला. सासूबाईंचं हाड पुन्हा बसवावं लागलं. मेहुणा परतला. त्याने नवा जिना लोखंडाचा करून घेतला. लाँड्री बऱ्याच काळाने सुरू झाली. नर्सिंग होम मात्र तोवर गेलं ते गेलंच. बहीण भावाशी बोलते, घरी येते, त्याच्या बायकोशी गप्पा मारते. विजेचं काही बिघडलं की दुसऱ्या वायरमनला बोलावते, आणि भाऊही आपण होऊन विचारत नाही.

आता तो एका दुकानात बसून पंख्यांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देतो. कोणाच्या घरी जायचं काम नाही, शिडी नाही. तरी पाहुणा म्हणून कुठे गेला की बसायच्या आधी भिंतीवरच्या बोर्डावर उपडा हात ठेवून बघतो. गार लागला की मग खुर्ची घेतो. यजमान विचारतात, काय झालं? तो म्हणतो, काही नाही. आणि थोड्या वेळाने, चहा यायच्या आत, पुन्हा एकदा उठतो.