तोंड न लावता घेतलेलं ट्रंपेट

निरवांगीच्या झुंबरनं पलटणीत सहा वर्षं काढली, पण बंदूक त्यानं फारशी धरली नाही. तो बँडात होता. वाजंत्री होलाराच्या घरचा, बापाची सनई पंचक्रोशीत गाजलेली, त्यामुळं हवालदारानं पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात ट्रंपेट दिलं. लढाई संपली, पलटण मोडली, ट्रंपेट सरकारजमा झालं. झुंबर मोकळ्या हातानं गावी आला आणि जो भेटेल त्याला ट्रंपेटचं कौतुक सांगत सुटला. ऐकलेलं मात्र कुणीच नव्हतं.

"फौजंतनं आलेला परत्येक गडी थापा घिऊन येतो," लोक म्हणायचे. "एकानं वाघ मारला म्हनं. ह्येनं भोंगा वाजिवला."

झुंबरच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की होती. बापाची एक चाल होती, नवरी गाडीत बसताना वाजवायची. बाप गेला आणि त्याच्यासंगं ती चालही गावातनं गेली. झुंबरनं ती छावणीत बसून ट्रंपेटवर बसवली होती. थोरली लेक रतन उजवली की तिच्या पाठवणीला ती वाजवायची. बायको सारजाला तो सांगायचा, "सनईनं बाया रडत्यात. ट्रंपेटवर ऐक तू ती. पटकेवाल्या बाप्यांच्याबी डोळ्याला पानी येतंय का न्हाय बघ."

चौपन्न साली गावच्या रामहरी आबाच्या डोक्यात बँडपार्टी काढायचं आलं. आबाचा ऊस कारखान्याला जात होता, पोराचं लग्न तोंडावर होतं, आणि इंदापूरच्या पाहुण्यांकडं बँड वाजला होता. तेवढ्यात बातमी आली की मेरठचा एक व्यापारी वाजपाचं सामान घेऊन बारामतीत उतरलाय. आबानं झुंबरला संगं घेतलं आणि एसटी धरली.

स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत व्यापारी सतरंजी अंथरून बसला होता. आबा सतरंजीवर बसला. झुंबर पायरीवर. व्यापाऱ्यानं दोन ट्रंपेटं पुढं ठेवली. एक नवं कोरं, आरशासारखं, त्यात आबाच्या मिशा दिसत होत्या. दुसरं काळपट, कुण्या गोऱ्या पलटणीतनं निघालेलं, पोटाला दोन पोचे.

झुंबरनं नवं उचललं आणि ओठांकडं नेलं तसा व्यापारी ओरडला, "रुको. मुँह लगाया तो माल तुम्हारा. जूठा माल मैं किसको बेचूँगा?"

आबानंही मान हलवली. "बराबर हाय त्याचं. उष्टं कोन घील?"

म्हणजे एकदाच तोंड लावायचं, तेही घेतल्यावर. झुंबरनं मनात म्हटलं, असू दे. हवालदार अंधारात ट्रंपेटं पारखायला लावायचा.

त्यानं नव्याच्या तीन कळा एकेक करून दाबल्या. मधली वर येताना किंचित अडली. मग कळ न दाबता तिची सरकती नळी बाहेर ओढली. आत हवा धरून असेल तर बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज यायला पाहिजे. काहीच आलं नाही, नळी मुकाट हातात आली. भोंग्याच्या कडेवर नख मारलं, तर खापरावर मारल्यासारखं थड्ड. पत्रा जाड होता आणि सांध्यांवरचा डाख मुलाम्याखाली झाकलेला होता.

मग काळपट घेतलं. कळा लोण्यात बोट जावं तशा गेल्या आणि टुणकन वर आल्या. नळी ओढली, टुप्प. भोंग्यावर नख मारलं आणि तो नाद कितीतरी वेळ पायरीवर रेंगाळला.

"आबा, ह्ये घ्या."

आबानं दोन्ही हातात दोन घेऊन तोलली, बाजारात हंडा तोलावा तशी. "आरं, ह्ये नवं वजनाला दीडपट हाय. घट्ट मालय. त्येला पोचं आल्यात."

"वजनाचं काय न्हाय ओ. पत्रा पातळ आसला की बोलतो. आन् ह्येच्या कळा बघा..."

"आन् कुन्या गोऱ्याचं थुंक वाळलंय त्यात. माज्या दारात, द्येवक बसलेलं आसताना, उष्टं वाजवू व्हय?"

झुंबरच्या तोंडून निसटलं, "आता माजंबी थुंकच जानार की, आबा."

आबा मोठ्यानं हसला. "तुजं आपल्या गावचं हाय, लेका."

नवं घेतलं. झुंबरनं तिथंच तोंड लावलं. सुराआधी मधल्या कळेतनं वारा सुसकारला, फुटक्या भात्यासारखा. "आबा, गळतंय."

"नवं हाय, रुळंल. खोंडबी पयल्या दिशी जुवाला सरळ चालत न्हाय," आबा म्हणाला. मघाशी हौसेनं तोललेलं ट्रंपेट आता त्यानं झुंबरकडंच राहू दिलं आणि हात धोतराला पुसले.

ते रुळलं नाही. झुंबरनं रॉकेल घातलं, शेंगदाण्याचं तेल घातलं, कळ राखेनं घासली. राखेनं ती जास्तच ढिली झाली. ही चूक त्यानं पुढं कुणाला सांगितली नाही. आबाच्या पोराच्या लग्नात वेशीजवळ पहिलाच वरचा सूर फाटला. वऱ्हाडात हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "फौजेत ह्यो म्हशी राखत आसंल."

आबा घोड्यामागनं पुढं आला. क्लॅरिनेटवाल्या सोनबाला म्हणाला, "तू वाजीव." आणि झुंबरला, "तू निस्तं वर धर. गाल फुगीव, बोटं हालीव. लग्नाला आल्याली मानसं कानानं थोडीच बगत्यात?"

खरंच होतं त्याचं. चकाकणारं ट्रंपेट उन्हात वर गेलं की पोरं म्होरं पळत. त्या दिवसापासनं झुंबर बँडच्या पुढच्या रांगेत, जरीच्या गोंड्याचा लाल कोट घालून, गाल फुगवत चालू लागला. सुपे, बारामती, इंदापूर, सगळी लगीनसराई. लोक म्हणत, काय छाती हाय गड्याची. एका पाटलानं त्याच्या डोक्याला फेटा बांधला. वाजवणारा सोनबा मागं घाम पुसत उभा होता.

"तुमी सांगा की आबाला, दुसरं घ्या म्हनून," सारजा म्हणायची.

"सांगितलं. त्ये म्हंत्यात, लोकं नावाजत्यात, मग तुला काय दुखतंय?"

बापाची चाल त्यानं शेवटी सोनबाला तोंडानं गाऊन शिकवली. सोनबा ती पाठवणीला वाजवू लागला आणि गावोगाव ती झुंबरची चाल म्हणून गाजली.

सत्तावन्न साली रतन उजवली. बँड आबानं दिला. गाडी जुंपली, रतन आत्याच्या गळ्यातनं सुटली, तसा झुंबर सोनबाला म्हणाला, "आज तू गप ऱ्हा."

तीन वर्षांनी त्यानं खरोखर श्वास भरला. पहिली ओळ आली. खरखरीत, पण आली. सोनबानं मान खाली घातली आणि ऐकत राहिला. दुसऱ्या ओळीला मधली कळ लागते. वारा फुसफुसला, सूर खाली घसरला आणि कळ आत अडकून बसली. झुंबरनं पुन्हा फुंकलं. कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या. चिरकल्यासारखं काहीतरी निघालं. बैल बुजले. वरमाईनं तोंडाला पदर लावला, रडण्यासाठी नव्हे.

"ईवाई दमलं वाटतं," वरबाप म्हणाला.

रतन एक पाय चाकाच्या आऱ्यावर ठेवून थांबली. डोळे सुजलेले, आवाज घोगरा. सासरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती वाकून बापाच्या कानाशी आली.

"आप्पा, न्येमी वाजिवता तसं वाजवा की."

झुंबरनं ट्रंपेट ओठांवरनं खाली घेतलं. लेकीनं तीन वर्षं रस्त्याच्या कडेला उभं राहून बापाला ऐकलं होतं.

त्यानं मागं न बघता सोनबाला हातानं खूण केली. ट्रंपेट वर उचललं, गाल फुगवले, आणि चाल सुरू झाल्यावर अडकलेल्या कळेशेजारची दोन बोटं हलवू लागला. गोड, अख्खी, एकही सूर न सांडता चाल वाजली. बाया रडल्या. पटकेवाल्या बाप्यांनी डोळे पुसले. रतन गाडीत बसली, आणि गाडी ओढा उतरून दिसेनाशी होईस्तोवर बापाकडं कौतुकानं बघत होती.