सुतकाच्या पानावर तोरण

ललिताची लेक मनवा दादरच्या एका विमा कचेरीत आहे. अजून कायम झालेली नाही. कर्मचाऱ्यांपुरत्या आतल्या वेबसाइटची पानं सांभाळणं हे तिचं काम. शाळेत असताना चाळीतल्या सगळ्या मैत्रिणींच्या वह्यांना ती आपणहून कव्हरं घालायची, तशी आता पानं सजवते. स्क्रिप्ट, म्हणजे पान कसं दिसावं याच्या सूचना, लिहायची, ती कोणत्या पानाला लागू ते सांगायचं. मग बाकीची साइट होती तशी राहते आणि तेवढंच पान बदलतं. निवृत्तीला आलेल्या पेडणेकरांसाठी तिने रजेच्या पानावरची अक्षरं मोठी केली, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, चष्मा पुसत बसायचं माझं निमित्तच घालवलंस."

दसऱ्यासाठी तिने शुभेच्छांच्या पानावर आंब्याच्या पानांचं, झेंडूचं तोरण लावलं, मधोमध 'शुभ दसरा'. पण घाईत स्क्रिप्टला एका पानाऐवजी साइटवरच्या अख्ख्या विभागाचा पत्ता दिला. त्याच विभागात दुपारी तिचे साहेब अजित सावंत यांच्या आईच्या निधनाची बातमी चढली. वर तोरण, खाली फोटो. आणि मनवाला कायम करायची शिफारस सावंतांच्याच हातात.

"आई, सुतकाच्या घराला तोरण बांधलं मी," ती फोनवर म्हणाली. "काढलंय. पण सगळ्यांनी पाहिलं."

ललिता म्हणाली, "मेलबिल काही करू नकोस. भेटायला जाऊ."

संध्याकाळी दोघी लालबागला गेल्या. सावंत सतरंजीवर बसले होते, शेजारी त्यांचे वडील, नाना. वाटेत वाक्यं जुळवली होती ललिताने, पण मनवाच म्हणाली, "सर, ते तोरण माझ्या चुकीने लागलं."

"पाहिलं मी. बहीण चिडलीय जरा." सावंतांनी नानांकडे पाहिलं. "पण पानावरच्या फोटोच्या त्या गोल चौकटीत आईचं कपाळ कापलं जातं गं. नाना मघापासून विचारतायत, हिचं कुंकू कुठाय. तेवढं होईल?"

मनवाने तिथेच मांडी घालून, फोनवरून त्या एका पानाची चौकट उभी चौकोनी केली. या वेळी पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. नानांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"आता आमची दिसते," ते म्हणाले.

अशा घरातून उठताना 'येते' म्हणत नाहीत. दोघी मुकाट्याने दाराकडे वळल्या. मागून सावंत म्हणाले, "तेराव्यानंतर येतो कामावर. तुझ्या शिफारशीवर सही राहिलीय. आठवण कर."

जिना उतरताना ललिताने विचारलं, "करशील ना आठवण?"

"आई, तेरावं तरी होऊ दे गं."